इंटेलचा माल पुरत नाही: बातमी चांगली की वाईट?

प्रश्न बडोद्यातूनच आला आहे. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात नोकरी करणारे गृहस्थ विचारतात: "गेल्या वर्षी इंटेलचे थोडे शेअर घेतले. २२ जानेवारी २०२६ला निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी शेअर १७ टक्के आपटला. माझे मेहुणे म्हणतात, माल पुरत नाही म्हणजे गिऱ्हाइकांची रांग लागली आहे, आणखी घे. ऑफिसातला मित्र म्हणतो, त्यांना चिप बनवणंच जमत नाही, काढून टाक. नवे प्रोसेसर येतायत म्हणे, तोवर थांबू का?"

तुमचे मेहुणे आणि मित्र एकाच बातमीचा अर्धा अर्धा भाग धरून बसले आहेत. रांग खरी आहे आणि कारखान्याची अडचणही खरी आहे. पण पैसे लावणाऱ्याने विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: या टंचाईची किंमत कोण मोजतंय? गिऱ्हाईक जास्त पैसे मोजत असेल तर कंपनीचं ग्रॉस मार्जिन, म्हणजे विक्रीतून माल बनवण्याचा खर्च वजा जाता उरणारा वाटा, चढतं. कंपनी स्वतःच्या खिशातून मोजत असेल तर मार्जिन उतरतं, मग रांग कितीही लांब असो. मी सेबीकडे नोंदलेला सल्लागार नाही, माझी नोकरी चिपच्या टेस्टिंग आणि पॅकेजिंगमध्ये झाली. पण टंचाई कारखान्याच्या आतून कशी दिसते हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि निकालाचे आकडे मी त्याच नजरेने वाचतो.

ते आकडे असे. २०२५च्या तिसऱ्या तिमाहीत इंटेलचं समायोजित ग्रॉस मार्जिन ४० टक्के होतं. चौथ्या तिमाहीत ते ३८च्या आसपास आलं. आणि २०२६च्या पहिल्या तिमाहीसाठी कंपनीने स्वतःच साडेचौतीसचा अंदाज दिला. चौथ्या तिमाहीची विक्री १३.७ अब्ज डॉलर होती, पुढच्या तिमाहीचा अंदाज ११.७ ते १२.७ अब्ज. त्याच महिन्यात टीएसएमसीचा, म्हणजे इतरांच्या चिप बनवून देणाऱ्या तैवानच्या कंपनीचा, निकाल आला. त्यांच्याकडेही माल पुरत नाही, गिऱ्हाईक जागा मागत दारात उभं आहे, आणि त्यांचं मार्जिन ६२ टक्क्यांच्या वर गेलं. टंचाई दोन्हीकडे आहे, पण टीएसएमसीची टंचाई गिऱ्हाइकाच्या खर्चाने चालली आहे आणि इंटेलची इंटेलच्या. शेअर १७ टक्के पडला तो यामुळे, मागणी नाही म्हणून नव्हे.

असं का होतं हे कळायला यील्डचं, म्हणजे छापलेल्या चिपांपैकी किती चांगल्या निघतात याचं गणित एकदा हाताने करून बघायला हवं. वेफर म्हणजे ३०० मिलिमीटर व्यासाची सिलिकॉनची चकती. तिच्यावर १०० चौरस मिलिमीटरच्या चिप छापल्या तर साधारण ६४० बसतात. चौरस सेंटिमीटरमागे सरासरी ०.४ दोष असतील, तर अगदी साध्या सूत्राने त्यातल्या ४३० चांगल्या निघतात. दोष ०.१ वर आणले की ५८०. आता तीच चिप ६०० चौरस मिलिमीटरची करा. वेफरवर बसतातच ९०च्या आसपास. दोष ०.४ असतील तर चांगल्या निघतात ८. ०.१ असतील तर ५० च्या जवळपास. वेफर तोच, वीज तीच, यंत्रांचा घसारा तोच, आणि हातात आठ चिप येतात की पन्नास, हे सगळं त्या एका आकड्यावर. इंटेलने आपल्या १८ए या नव्या प्रक्रियेबद्दल सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलेला आकडा ०.४० पेक्षा कमी असा होता. लहान चिपसाठी तो चालण्याजोगा, मोठ्यासाठी नाही. मोठे सर्व्हर प्रोसेसर हल्ली लहान लहान तुकड्यांचे, म्हणजे टाइल्सचे बनवतात, त्याचं मुख्य कारण हेच.

टेस्टिंगच्या टेबलावर हा आकडा नकाशाच्या रूपात दिसतो. प्रोब कार्डाच्या केसाएवढ्या सुया वेफरवरच्या प्रत्येक चिपवर टेकतात, आणि पडद्यावर एकेक चौकोन हिरवा किंवा लाल होत जातो. अनुभवी माणूस लाल चौकोन मोजण्याआधी त्यांचा आकार बघतो. कडेला गोल कडं पडलं असेल तर एखादं यंत्र बिघडलं आहे, ते शोधलं की काही आठवड्यांत सुटतं. एका एक्स्पोजरमध्ये छापल्या जाणाऱ्या भागात नेमक्या त्याच जागी, पुन्हा पुन्हा लाल येत असेल तर दोष मास्कचा, म्हणजे छपाईच्या साच्याचा, किंवा डिझाइनचा. नवं स्टेपिंग, म्हणजे चिपची सुधारलेली आवृत्ती काढावी लागते, त्यात महिने जातात. आणि लाल ठिपके कसेही विखुरलेले असतील तर मात्र उपाय चिकाटीचा: शेकडो टप्प्यांपैकी एकेका टप्प्यावरचा कचरा कमी करत जायचं. असं यील्ड महिन्याला थोडं थोडं वाढतं, घाई करून वाढत नाही. हा नकाशा कंपनी कधीच दाखवत नाही. पण जानेवारीत इंटेलचे मुख्याधिकारी लिप-बू टॅन जे बोलले, की यील्ड आमच्या आखणीप्रमाणे आहे, पण मला हवं तिथे अजून पोचलेलं नाही, ते मला तिसऱ्या प्रकारचं वाटतं. म्हणजे अपघात झालेला नाही, आणि जादूही होणार नाही.

मित्राच्या बोलण्यातला खरा भाग इथे संपतो. कारण आजच्या टंचाईचा मोठा हिस्सा नव्या १८एमुळे नाहीच. तो जुन्या प्रक्रियांमुळे आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये इंटेलचे अर्थप्रमुख डेव्हिड झिन्सनर यांनी स्पष्ट सांगितलं की कमतरता इंटेल १० आणि इंटेल ७ या प्रक्रियांवर सर्वांत जास्त आहे. जुने झिऑन सर्व्हर प्रोसेसर, घरच्या संगणकांतले रॅप्टर लेक, हे सगळे इंटेल ७ वर बनतात. एआयच्या लाटेत सगळ्यांचं लक्ष ग्राफिक्स चिपकडे होतं, पण त्या चिपांना कामाला लावायला शेजारी साधा प्रोसेसर लागतोच, आणि डेटा सेंटरवाले जुनी यंत्रंही बदलायला लागले. ही मागणी आली तेव्हा जुन्या प्रक्रियेत कंपनी नवा पैसा घालत नव्हती. २०२५च्या दुसऱ्या सहामाहीत कोठारातला साठा काढून काढून मागणी भागवली, जानेवारीपर्यंत तोही संपत आला. वेफर कारखान्यात शिरल्यापासून बाहेर पडायला साधारण तीन महिने लागतात, वर पॅकेजिंग आणि टेस्टिंग. म्हणून पहिली तिमाही सर्वांत अडचणीची आणि दुसरीपासून सुधारणा, हे झिन्सनर यांचं म्हणणं मला पटतं. ते आश्वासन कमी आणि पंचांग जास्त आहे.

आता नव्या प्रोसेसरकडे, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. पँथर लेक हा लॅपटॉपचा प्रोसेसर जानेवारीत बाजारात आला. त्याची मुख्य कॉम्प्यूट टाइल १८एवर, ॲरिझोनातल्या फॅब ५२मध्ये बनते. पण त्याचा मोठा ग्राफिक्सवाला प्रकार घेतला तर ग्राफिक्सची टाइल टीएसएमसीकडून येते, आणि बाहेरच्या जोडण्या सांभाळणारी टाइलही टीएसएमसीचीच. सर्व्हरसाठी येणारा क्लिअरवॉटर फॉरेस्ट तर आणखी बोलका आहे: १८एच्या बारा कॉम्प्यूट टाइल्स, त्याखाली इंटेल ३च्या तीन बेस टाइल्स, आणि बाहेरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या दोन आय-ओ टाइल्स इंटेल ७च्या. पुन्हा वाचा. सर्वांत नव्या प्रोसेसरला लागणारा एक तुकडा त्याच जुन्या प्रक्रियेवर बनतो, जिथे आज जागा नाही. पॅकेजिंगच्या माणसाला हा अनुभव नित्याचा आहे. सतरा तुकड्यांतले सोळा येऊन पडलेले असतात आणि एकासाठी लाइन थांबते. "नवे प्रोसेसर आले की टंचाई संपेल" हे वाक्य म्हणून सरळ खरं धरू नका. नव्याचा काही भार जुन्यावर पडणारच आहे.

शिवाय नवी प्रक्रिया सुरुवातीला मार्जिन खाते. कारखान्याचा घसारा पूर्ण, वेफर थोडे, चांगल्या चिप त्याहून थोड्या. पँथर लेक सुरुवातीला मार्जिन खाली ओढेल हे कंपनीने लपवलेलं नाही. तेव्हा येत्या दोन तिमाहींत पँथर लेकची विक्री वाढलेली आणि मार्जिन दबलेलं, असं एकत्र दिसलं तर घाबरू नका. तेच वर्षअखेरीला, नोव्हा लेक हा पुढचा प्रोसेसर येण्याच्या सुमारासही दिसलं, तर मात्र घाबरायचं कारण आहे.

हा वाद बाजारात पहिल्यांदा होत नाही. २०१८मध्ये इंटेलच्या १४ नॅनोमीटर प्रक्रियेवर अशीच टंचाई आली होती. मूळ कारण शेजारी होतं: १० नॅनोमीटर रखडलं. एका उडीत घनता २.७ पट करायची, तीही ईयूव्ही या नव्या सूक्ष्म छपाईच्या यंत्रांशिवाय, तोच थर अनेक टप्प्यांत छापून, असा तो बेत होता. यील्ड येईना, म्हणून जे प्रोसेसर पुढच्या प्रक्रियेवर जायचे ते सगळे १४वरच राहिले. त्यात आयफोनचे मॉडेम १४वर आले, सर्व्हरच्या चिपमध्ये कोअर वाढले म्हणजे प्रत्येक चिप मोठी झाली. २८ सप्टेंबर २०१८ला इंटेलचे तेव्हाचे प्रभारी मुख्याधिकारी बॉब स्वॉन यांनी खुलं पत्र लिहून भांडवली खर्च १ अब्ज डॉलरने वाढवून १५ अब्ज केल्याचं सांगितलं. तरी नोव्हेंबर २०१९मध्ये गिऱ्हाइकांची पुन्हा माफी मागावी लागली.

त्या काळात सयाजीगंजमधल्या संगणकाच्या दुकानात उभं राहिलं तरी बरंच कळत होतं. आय-५ ९४००एफ नावाचा प्रोसेसर काउंटरवर आला होता. शेवटच्या एफचा अर्थ, आतलं ग्राफिक्स बंद. अधिकृत किंमत मात्र ग्राफिक्स असलेल्या भावंडाइतकीच. ज्या चिपचा ग्राफिक्सचा कोपरा टेस्टमध्ये लाल यायचा, ती एरवी कचऱ्यात गेली असती. आता ती खोक्यात घालून विकली जात होती. शेजारच्या रॅकवर बी३६५चे मदरबोर्ड. त्यातला चिपसेट इंटेलने १४वरून उलटा २२ नॅनोमीटरवर नेला होता, १४वर जागा मोकळी करायला. आणि स्वस्तातले पेंटियम मिळत नव्हते, कारण वेफर महागड्या झिऑनला लागत होते. यातलं काहीच गुपित नव्हतं. कंपनी एकेक चिप वाचवून वापरते आहे हे किरकोळ दुकानातही दिसत होतं.

तरीही गुंतवणूकदार दोन वर्षं भांडत राहिले, कारण दोन्ही बाजूंना पुरावा मिळत होता. विक्री २०१८मध्ये ७०.८ अब्ज डॉलर, २०१९मध्ये ७२, २०२०मध्ये ७७.९, दरवर्षी नवा उच्चांक. मेहुण्यांच्या बाजूचे लोक हाच आकडा पुढे करायचे. पण ग्रॉस मार्जिन ६१.७ वरून ५८.६ आणि मग ५६. टंचाईने मूळ दुखणं झाकून ठेवलं होतं. जे आहे ते सगळं विकलं जात असल्यामुळे पुढची प्रक्रिया अडली आहे हे विक्रीत दिसत नव्हतं. ऑगस्ट २०१९मध्ये इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी हिने टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटरवर बनवलेला रोम हा सर्व्हर प्रोसेसर आणला, आणि रांगेतल्या गिऱ्हाइकाला दुसरं दुकान मिळालं. जुलै २०२०मध्ये इंटेलने स्वतःच्या ७ नॅनोमीटरलाही उशीर होणार असं जाहीर केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी शेअर १६ टक्के पडला. त्या वेळचे मोठे उशीर मला माफ करण्याजोगे वाटतात, तंत्रज्ञान खरंच अवघड होतं. पण २०१८मध्ये १० नॅनोमीटरवरचा कॅनन लेक थोड्याशा नगांत, एकाच कमकुवत मॉडेलच्या रूपात बाजारात सोडून "१० नॅनोमीटर सुरू झालं" असं म्हणणं, हे मला आजही खटकतं. तेव्हापासून मी 'लाँच' या शब्दाला किंमत देत नाही. किती लॅपटॉप कंपन्यांच्या किती मॉडेलमध्ये तो प्रोसेसर दोन तिमाहींनंतरही मिळतो, ते बघतो.

टंचाईचा दुसरा शेवटही असतो, आणि आज मला त्याची जास्त काळजी वाटते. २०११मध्ये एएमडीने लानो हा प्रोसेसर काढला. तो ग्लोबलफाउंड्रीजच्या ड्रेस्डेन कारखान्यात ३२ नॅनोमीटरवर बनायचा, आणि यील्ड इतकं वाईट होतं की २८ सप्टेंबर २०११ला एएमडीला तिमाहीचा अंदाज खाली आणावा लागला. करार चांगल्या चिपपुरतेच पैसे देण्याचा होता, म्हणून नुकसान थोडं वाटलं गेलं. सगळे म्हणाले, माल आला की विक्री उसळेल. पुढे माल आला. पण तोवर बाजार सरकला होता, आणि २०१२च्या तिसऱ्या तिमाहीत एएमडीला सुमारे १० कोटी डॉलरचा साठा बुडीत धरावा लागला. साधारण वर्षभरात टंचाईची गोदामभर झाली.

हे घडतं कसं, ते गिऱ्हाइकाच्या वागण्यात आहे. दिवाळीत बडोद्याहून पुण्याला जायचं असलं की लोक दोन-दोन गाड्यांची तिकिटं काढून ठेवतात, आणि जागा पक्की झाली की एक रद्द करतात. चिपचे खरेदीदारही टंचाईत गरजेपेक्षा जास्त ऑर्डर देतात. त्या फुगलेल्या रांगेला मागणी समजून कारखाना वाढवला की नेमका माल बाहेर पडताना अर्धी रांग गायब होते. या खेपेला त्यात मेमरीची भर आहे. २०२५च्या अखेरपासून डीरॅमचे भाव झपाट्याने चढले आहेत. लॅपटॉपवाल्याला प्रोसेसर मिळाला आणि मेमरी परवडली नाही, तर तो लॅपटॉपच बनवणार नाही. म्हणून घरच्या संगणकांच्या बाजूने मी इंटेलच्या रांगेवर फारसा विश्वास ठेवत नाही. सर्व्हरच्या बाजूने ठेवतो. इंटेलही उपलब्ध वेफर सर्व्हरकडे वळवते आहे, हे मला योग्यच वाटतं.

बडोद्यात हल्ली कोणी ना कोणी विचारतंच, साणंद आणि धोलेरा इथले चिपचे प्रकल्प सुरू झाले की हे प्रश्न सुटतील ना? साणंदचा मायक्रॉनचा प्रकल्प मेमरीच्या पॅकेजिंग आणि टेस्टिंगचा आहे, तिथे वेफर बनत नाहीत. डिसेंबर २०२५मध्ये इंटेल आणि टाटा इलेक्ट्रॉनिक्स यांच्यात सामंजस्य करार झाला, पण तो इंटेलची उत्पादनं टाटांच्या कारखान्यांत बनवता, पॅक करता येतील का हे तपासण्याचा. आपल्या भागात हे काम येतंय याचा मला मनापासून आनंद आहे, एम. एस. विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या मुलांना घराजवळ ही नोकरी मिळणं ही मोठीच गोष्ट. इंटेलच्या २०२६च्या मार्जिनशी मात्र त्याचा संबंध नाही.

एक बाजू बहुतेक चर्चांत निसटते. टंचाई दूर करायला पैसा लागतो आणि तो भागधारकाच्या हिश्शातून येतो. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेच्या सरकारने २०.४७ डॉलरच्या भावाने जवळपास १० टक्के हिस्सा घेतला, सॉफ्टबँकेने २३ डॉलरने २ अब्जांचा, पुढे एनव्हिडियाने २३.२८ने ५ अब्जांचा. कंपनी वाचली हे उत्तम झालं. पण शेअरची संख्या वाढली, तेव्हा उद्या नफा २०१८च्या पातळीला पोचला तरी तुमच्या एका शेअरच्या वाट्याला तेवढा येणार नाही. लाभांश तर २०२४च्या अखेरीपासून बंदच आहे.

तेव्हा काय करावं? मी तुमच्या जागी असतो तर विकले नसते आणि आणखी घेतलेही नसते. एप्रिल २०२६च्या शेवटी पुढचा निकाल येईल. त्यात विक्रीकडे नंतर बघा. आधी मार्जिन: ते साडेचौतीसच्या वर आलं आणि पुढच्या तिमाहीचा अंदाज त्याहून वर असेल, तर यील्ड सुधारतंय आणि टंचाईचं बिल हळूहळू गिऱ्हाइकाकडे जातंय. मग तिमाही अहवालातली इन्व्हेंटरीची फोड उघडा. अर्धवट तयार मालाचा आकडा वाढला असेल तर चांगलं, वेफर वाटेत आहेत. पूर्ण तयार माल वाढत असेल आणि व्यवस्थापन अजूनही टंचाईच बोलत असेल, तर लानोचा इतिहास पुन्हा घडू लागला आहे, तेव्हा मेहुण्यांना न विचारता हिस्सा कमी करा. १४ए या पुढच्या प्रक्रियेसाठी बाहेरचं मोठं गिऱ्हाईक नाव घेऊन जाहीर झालं का, तेही बघा. तसं गिऱ्हाईक न मिळाल्यास ती प्रक्रिया थांबवावी लागू शकते, असं कंपनीने जुलै २०२५मध्येच लेखी सांगून ठेवलं आहे.

शेअर मोजकेच असले तरी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायला विसरू नका. ते आर्थिक वर्षाचं नसतं, जानेवारी ते डिसेंबरचं असतं, तेव्हा गेल्या वर्षी घेतलेले शेअर येत्या विवरणपत्रात दाखवावे लागतील. विकायचेच झाले तर खरेदीपासून २४ महिने पूर्ण झालेत का ते बघा. त्यानंतर नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, त्याआधी विकले तर तुमच्या स्लॅबप्रमाणे.